इनॅमल म्हणजे नक्की कुठलं? दात, मग, तार आणि ग्रिलचा रंग, प्रत्येकाचं काय करायचं

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "इनॅमल द्या" म्हणालात तर माणूस रंगाचा डबा काढतो, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तेच म्हणालात तर तांब्याच्या तारेचं रीळ पुढे येतं, दातांच्या डॉक्टरांनी तोच शब्द वापरला तर विषय तुमच्या दाढेचा असतो, आणि आजी "इनॅमलचा मग" म्हणते तेव्हा तिला तो पांढरा, निळ्या काठाचा, पडला की टवका उडणारा मग हवा असतो. कोणी इनॅमल म्हणतं कोणी एनॅमल, आणि नेलपॉलिशच्या बाटलीवरसुद्धा नेल इनॅमल छापलेलं असतं. शब्द एक पण वस्तू पाच, आणि एकाची काळजी घ्यायची रीत दुसऱ्याला लावली की नुकसान होतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसला तो आमच्या घरातल्या एका मगमुळे. काठाला टवका उडून काळं दिसत होतं, घरात ग्रिलला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता, डब्यावर ठळक लिहिलेलं "इनॅमल", मग पण इनॅमलचा, म्हणून मी सरळ ब्रशने त्या टवक्यावर रंग लावला. दोन दिवस वाळवून त्यात चहा ओतला आणि पहिल्याच घोटाला टर्पेंटाइनचा वास आला, आठवड्यात तो रंग गरम चहाने सुटून साबणाच्या पाण्यात तुकडे तरंगायला लागले. नाव सारखं असलं तरी एक काच आहे आणि दुसरं तेलकट राळ, हे तेव्हा कळलं. असं कृपा करून कोणी करू नका, घरचा रंग हा खाण्यापिण्याच्या भांड्याला लावायची वस्तूच नाही.

शब्द आला कुठून

मूळ शब्द वितळवणे या अर्थाच्या जुन्या युरोपीय शब्दातून आलाय, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये एस्माय आणि मग इंग्रजीत. म्हणजे आधी अर्थ एकच होता, धातूवर काचेची पूड पसरून भट्टीत वितळवून बसवलेला थर. आपल्याकडे यालाच मिना म्हणतात, जयपूरच्या दागिन्यांवरचं मिनाकाम तेच. सोळाव्या शतकाच्या शेवटी राजा मानसिंहाने लाहोरहून कारागीर आणून आमेरला बसवले असं सांगतात. या कामात रंग एकदम भरत नाहीत, ज्या रंगाला जास्त आच सोसते तो आधी भाजतात आणि लाल सगळ्यात शेवटी कारण तो सगळ्यात नाजूक. पुढे जे जे कडक, गुळगुळीत, चकचकीत आणि खालच्या वस्तूला घट्ट धरून बसतं त्या सगळ्याला हेच नाव पडत गेलं, दातावरचा थर, तारेवरचा थर, डब्यातला रंग.

आता कामाची गोष्ट. यातला रंग तेवढा आपल्याला घरी परत लावता येतो (नेलपॉलिश सोडा, ते ॲसिटोनने पुसून परत लावायचं, विषय संपला). दाताचा थर गेला की परत येत नाही, मगचा घरी भरता येत नाही, तारेचा जळला की तार बदलायची. म्हणून पहिल्या तीन ठिकाणी जपणं हेच काम आहे, आणि रंगाला खरी मेहनत.

दातावरचं इनॅमल

शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट हीच, हाडापेक्षाही कडक, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, आणि चावायच्या टोकांवर जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. हे बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच असतात, नंतर त्या उरतच नाहीत, त्यामुळे हाड जसं जुळून येतं तसं हे भरून येत नाही. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं, लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो म्हणजे बघा. थोडंफार विरघळलेलं खनिज लाळेतून परत बसतं, फ्लोराइड असलं तर आणखी चांगलं बसतं, पण खड्डाच पडला तर मात्र नाही.

त्यामुळे करायचं काय तर आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करायचा नाही. सकाळी कोमट लिंबूपाणी पिऊन लगेच दात घासणारे खूप जण आहेत, कैरी, चिंच, कोकम सरबत, कोल्ड्रिंक सगळ्यांचं तेच, त्या वेळी वरचा थर मऊ पडलेला असतो आणि ब्रशने तो घासला जातो. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या, मग ब्रश. ब्रश सॉफ्ट घ्या, जोर नको. फ्लोराइडची पेस्ट वापरा, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मटारच्या दाण्याएवढी पुरते, थुंकायला शिकवा. मशेरी, राखुंडी, कोळशाची पूड यांनी दात पांढरे झाल्यासारखे वाटतात पण खरखरीत कणांनी इनॅमल झिजतं, आणि मशेरी तर भाजलेली तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरशी तिचा थेट संबंध आहे. घरात कोणी मावशी, काकी लावत असतील तर प्लीज त्यांच्याशी बोला, रागावून नाही, शेजारी बसून.

उलटा प्रकारही आहे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर लहानपणी बनत असलेलं इनॅमलच बिघडतं, दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी पट्टे येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने हे होतं. भारतीय मानक प्रति लिटर १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. हे डाग घासून जात नाहीत, घासत बसू नका, बोअरचं पाणी तपासून घ्या.

मग, ताटल्या, गीझर

टवका उडालेल्या मगकडे जवळून बघा, पांढऱ्याच्या खाली एक निळसर काळा थर दिसतो. तो गंज नाही. पोलादावर पांढरी काच सरळ नीट धरत नाही म्हणून आधी कोबाल्ट ऑक्साइड घातलेला एक थर बसवतात, तो पोलादाला घट्ट धरतो आणि त्यावर पांढरा, सगळं ८०० अंशांच्या आसपास भाजलेलं. त्या काळ्याच्याही आत तांबूस, खरखरीत दिसलं तर तो गंज.

टवका बाहेरच्या बाजूला, बुडाला असेल तर भांडं वापरायला हरकत नाही, वापरल्यावर कोरडं पुसून ठेवा. आतून किंवा ओठ लागतो त्या काठाला असेल तर खाण्यापिण्यातून काढा, कारण बारीक काच सुटून पोटात जाऊ शकते. जुन्या भांड्यांचे भडक लाल, पिवळे, केशरी रंग शिशाचे किंवा कॅडमियमचे असू शकतात, त्यात ताक, लोणचं, चिंचेचं सार असलं काही ठेवू नका. फेकायचं मात्र जिवावर येतं, आमचा तो मग आता अंगणात आहे, बुडाला भोक पाडून त्यात ओवा लावलाय. चांगल्या भांड्याला जपायचं तर रिकामं गॅसवर ठेवू नका, तापलेलं एकदम गार पाण्याखाली धरू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका, करपलं तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून उकळवा.

स्टोरेज गीझरच्या टाकीलाही बऱ्याचदा आतून हाच काचेचा लेप असतो, जाहिरातीत ग्लासलाइन म्हणतात. लेपात कुठे बारीक फट राहिलीच तर पोलाद गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ती संपली की टाकी गळायला लागते. बोअरचं जड पाणी असेल तर वर्षातून एकदा मेकॅनिककडून कांडी बघून घ्या, टाकीपेक्षा कांडी खूप स्वस्त पडते.

तार

शाळेत खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून विद्युतचुंबक करायचा प्रयोग सगळ्यांना असतो, आणि दर वर्षी कोणाचा तरी चालत नाही, मूल रडकुंडीला येतं, आईबाबा नवीन सेल आणतात तरी चालत नाही. कारण ती तार उघडी दिसते पण उघडी नसते, तिच्यावर पारदर्शक किंवा तपकिरी लाखेसारखा थर असतो तेच इनॅमल, म्हणून तर वेढे एकमेकांना चिकटून बसले तरी शॉर्ट होत नाहीत. दोन्ही टोकं दीड-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा, तपकिरी जाऊन चकचकीत गुलाबी तांबं दिसेपर्यंत, मग सेलला जोडा. सोल्डर करतानाही हेच. मिक्सर किंवा पंख्यातून गोडसर करपट वास आला तर बहुतेक हाच थर जळतोय, लगेच बंद करा आणि "थोडं गार झालं की लावू" असं करत राहू नका, कारण एकदा वेढे आपसात शॉर्ट झाले की मग रिवाइंडिंगच.

आता रंग, म्हणजे आपला ऑइलपेंट

डब्यावर सिंथेटिक इनॅमल लिहिलेलं असतं ते हे. यात अल्किड राळ असते, टर्पेंटाइन उडून जातं आणि मग हवेतला ऑक्सिजन घेऊन राळ कडक होते, म्हणजे नुसतं वाळणं नाही, रासायनिक बदल आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, जाड थर का वाईट, दमट हवेत का बिघडतो, डब्यावर साय का धरते.

आमच्याकडे रत्नागिरीला लोखंड म्हणजे पावसाळ्याचा आणि खाऱ्या वाऱ्याचा घासच आहे, ग्रिल एक वर्ष दुर्लक्षित राहिलं की सांध्यांतून तांबडे ओघळ भिंतीवर येतात. म्हणून मी ग्रिल डोळ्यासमोर ठेवून सांगतो.

वेळ आधी ठरवा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम, पावसात अजिबात नको. दिवसात सकाळी दव सुकल्यावर सुरू करून दुपारी तीन-साडेतीनला ब्रश ठेवायचा, संध्याकाळी उशिरा लावलेल्या रंगावर रात्रीचं दव पडलं की सकाळी चमक जाऊन पांढुरकं दिसतं. भर उन्हात तापलेल्या लोखंडावरही नको, वरचा थर आधी आळतो आणि खाली फुगे येतात.

माल किती लागेल ते असं काढा. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० चौरस फूट धरा. चार बाय चार फुटांच्या सहा खिडक्यांची साधी गजांची ग्रिलं म्हणजे ९६ चौरस फूट (मोकळी जागा बरीच असते म्हणून दोन्ही बाजू मिळून एकदाच धरलं तरी पुरतं), पत्र्याचं पाच बाय चारचं गेट दोन्ही बाजूंनी ४०, एकूण १३६. दोन हात म्हणजे २७२, तर पावणेतीन लिटर रंग, आणि एका हाताला दीड लिटर रेड ऑक्साइड (रंगाखालचं लाल अस्तर). शिवाय लिटरभर टर्पेंटाइन, तारेचा ब्रश, खरवडायची पत्री, ८०, १२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, एक आणि दोन इंची ब्रश, जुनं सुती कापड, मास्क, चष्मा.

पहिलं काम धुणं. हे कोणी करत नाही आणि समुद्राजवळ सगळं इथेच बिघडतं. लोखंडावर मिठाचा न दिसणारा थर बसलेला असतो, तो तसाच ठेवून रंग लावला तर रंगाखालून गंज परत येतो, कितीही महागडा रंग आणा. साबणाच्या पाण्याने, मग दोनदा साध्या पाण्याने धुवा, ग्रिलच्या खालच्या आडव्या पट्टीचा खालचा भाग हाताने चाचपून धुवा, आणि पूर्ण दिवस वाळू द्या.

मग जुना रंग किती धरून आहे ते बघायचं. ब्लेडने रंगावर फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रा आला तर तो सगळा रंग खरवडून काढावा लागेल, नाही आला तर नुसता घासून चमक घालवली तरी चालेल. एक सावधगिरी, घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, वॉटर पेपर घेऊन पाणी लावत घासा, मास्क घाला, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, आणि पडलेले पोपडे कागदात गोळा करून टाका, झाडांच्या आळ्यात नाही.

गंजावर तारेचा ब्रश, मग ८० नंबर, मग १२०. सैल गंज सगळा गेला पाहिजे, खड्ड्यांत घट्ट बसलेला थोडा काळसर राहिला तर एकवेळ चालेल. वेल्डिंगच्या जागी बारीक खडे आणि खवले असतात ते हातोडीने टिचकून काढा, नवीन ग्रिल फॅब्रिकेटरकडून लाल हात मारूनच येतं पण तो लाल हात बऱ्याचदा याच खवल्यांवर बसलेला असतो, पहिल्या पावसात खवल्यासकट निघतो. घासून झालं की टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी अस्तर लावा. उघडं लोखंड आमच्याकडे एका रात्रीत तांबूस होतं.

अस्तर म्हणजे रेड ऑक्साइड. डब्यात सगळा लाल गाळ तळाला बसलेला असतो, वरचंच पातळ लावलंत तर काही उपयोग नाही, काठीने तळ खरवडत पाच मिनिटं ढवळा. एक हात पातळसर, कोपऱ्यांत आणि सांध्यांत ब्रश खुपसून. रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ३२० नंबरने हलकेच हात फिरवून पुसून घ्या. पत्र्यात मोठे खड्डे असतील तर अस्तरानंतर लांबी (पुट्टी) भरा, घासा, तिथे परत अस्तर.

दोन जागी मात्र हे सगळं असंच करू नका. नवीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप किंवा जस्ताचा पत्रा असेल तर जस्ताची तेलाच्या राळेशी प्रतिक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग वर्षा-दोन वर्षांत सालासारखा सुटतो, त्याला वेगळं एच (etch) प्रायमर मिळतं ते लावा. आणि नवीन प्लास्टरच्या भिंतीला ऑइलपेंट नको, सिमेंटच्या खारामुळे तिथेही तेच होतं, रंग चिकट राहतो, भिंत काही महिने सुकू द्या.

आता मुख्य रंग. डबा ढवळून लागेल तेवढा दुसऱ्या भांड्यात काढा, डब्यातच ब्रश बुडवत बसू नका. घट्ट वाटला तर टर्पेंटाइन, तेसुद्धा दहा टक्क्यांच्या आत. रॉकेल किंवा पेट्रोल कोणीही सांगितलं तरी नाही, रॉकेलचा तेलकटपणा मागे राहून रंग आठवडाभर चिकट राहतो आणि चमक मरते, पेट्रोलला तर आगीचा धोका. एनसी थिनरही (नायट्रोसेल्युलोज रंगांचं थिनर) नको, खालचा थर उचलतो.

ब्रश केसांच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच बुडवा आणि भांड्याच्या आतल्या भिंतीला दाबून घ्या. आधी आतले कोपरे, सांधे, आडव्या पट्ट्यांच्या खालच्या बाजू, मग गज वरून खाली, शेवटी चौकट. रंग पसरवून झाला की शेवटचा ब्रश एकाच दिशेने हलका ओढा आणि तिथून हात काढा. पाच मिनिटांनी "इथे जरा राहिलंय" म्हणून परत गेलात की ब्रशच्या रेघा उमटतात, तो अर्धवट आळलेला असतो, राहिलं ते दुसऱ्या हातात. दोन पातळ हात कधीही एका जाड हातापेक्षा चांगले, जाड थराची वरची साय आधी आळते आणि खालचा ओला भाग तिला ओढतो, दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. तशा पडल्याच तर वरून रंग मारून झाकू नका, पूर्ण कडक होऊ द्या, घासून सपाट करा, मग हात मारा.

पहिला हात रात्रभर वाळवा, ३२० ने हलकं घासा, धूळ पुसा, दुसरा हात. बोटाला चिकटत नाही याचा अर्थ तयार झाला असा नाही, आतून कडक व्हायला आठवडा जातो, तोवर ग्रिलवर ओले कपडे टाकू नका आणि खिडकीचं दार पहिले दोन दिवस उघडंच ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटतं आणि ओढलं की दोन्हीकडचा रंग निघतो. आणखी एक, पांढरा ऑइलपेंट उजेड मिळाला नाही की पिवळा पडतो, दारामागे, कपाटाच्या आत हमखास, तिथे पाण्याचं इनॅमल घ्या, ते तसं पिवळं पडत नाही.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये दोनदा धुवून मग साबणाने. मळलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका, बाटलीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतं. रंगाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, राळ ऑक्सिजन घेताना तापते आणि ढिगात ती ऊब कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं, दोरीवर पसरून कडक होऊ द्या मग टाका.

उरलेल्या रंगावर चमचाभर टर्पेंटाइन हलकेच सोडा, ढवळू नका, झाकण लाकडाच्या तुकड्याने ठोकून बसवा आणि डबा उलटा ठेवा म्हणजे हवा शिरत नाही. तरी साय धरलीच तर ती ढवळून आत मोडू नका, कडेने कापून अख्खी उचला आणि रंग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळून घ्या. झाकणावर मार्करने शेडचा नंबर, तारीख आणि कुठल्या ग्रिलला लावलाय ते लिहून ठेवा, दोन वर्षांनी एकाच गजाचा रंग उडाला की दुकानात नेऊन दाखवायला हाच डबा लागतो.